बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय? आधी गोळे मोजा

आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आहे, पिवळा, वय आता ७, वजन साडेपाच किलो (हो, कमी करायचंय, माहितेय). तो ४ वर्षांचा असताना विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या वन आरकेत शिफ्ट झालो. तिसऱ्याच दिवशी हा सारखा लिटर ट्रेमध्ये (त्याचा शी-शूचा ट्रे, वाळूसारखं लिटर भरलेला) जायला लागला. बसायचा, जोर करायचा, उठून खालचं चाटायचा, परत बसायचा. सासूबाई म्हणाल्या अगं त्याला साफ होत नाहीये, थोडं एरंडेल दे. एरंडेल नाही दिलं पण मी शहाणीने कोमट पाण्यात तूप घालून चाटवलं आणि त्यात अख्खी संध्याकाळ घालवली. रात्री ११ ला तो दोनदा ओकला तेव्हा कुठे ट्रे नीट उकरून बघितला, तर सकाळपासून एकही ओला गोळा (शू पडली की लिटर चिकटून होतो तो) नाही. शीचा प्रश्नच नव्हता, शू तुंबली होती.

ही चूक खूप जण करतात, कारण शीसाठी जोर करणारं मांजर आणि शूसाठी जोर करणारं मांजर लांबून सेमच दिसतं. फरक कळतो तो ट्रेमध्ये. म्हणून बाकी काही वाचायचा कंटाळा आला तरी एवढं करा, ट्रे साफ करताना ओले गोळे मोजायची सवय लावून घ्या. बेंटोनाइट मातीचं, गोळे होणारं लिटर असेल तर हे सोपं आहे. धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण २ ते ४ गोळे निघतात, तुमच्याचे किती आणि केवढे हे तुम्हाला आठवड्याभरात पाठ होईल. मग काही बिघडलं की गोळेच आधी सांगतात.

छोटे छोटे सुपारीएवढे भरपूर गोळे, म्हणजे मूत्राशयाला सूज किंवा खडे, जळजळ होतेय म्हणून थेंब थेंब करतंय. मोठे मोठे गोळे, आणि पाण्याचं भांडंही पटापट रिकामं होतंय, तर वेगळी गोष्ट, किडनी किंवा डायबिटीस, जास्त करून वयस्कर मांजरात, त्यावर खाली लिहिलंय. आणि एकही गोळा नाही पण मांजर ट्रेमध्ये जाऊन बसतंय, म्हणजे ताबडतोब पिशवी उचला आणि निघा.

एकही गोळा नसेल तर

हे जवळजवळ नेहमी बोक्यांमध्ये होतं, कारण बोक्याची मूत्रनळी लांब असते आणि टोकाला एकदम बारीक. बारीक खडा, किंवा कचकचीत कण आणि चिकट पदार्थ मिळून झालेला बुचासारखा गोळा, किंवा नुसती सूज आणि आखडलेले स्नायू, यातलं काहीही ती बंद करू शकतं. मांजरीची नळी आखूड आणि रुंद, तिला त्रास होतो पण पूर्ण तुंबणं क्वचित.

तुंबलं की शू मागे किडनीवर दाब देते, रक्तातली घाण बाहेर पडत नाही आणि पोटॅशियम चढायला लागतं, आणि पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. २४ ते ४८ तासांत बोका गंभीर होतो, काहीच केलं नाही तर दोन-तीन दिवसांत जातो. आणि लक्षात घ्या, हे तास तुमच्या लक्षात आल्यापासून मोजायचे नाहीत, शेवटचा गोळा दिसला तेव्हापासून मोजायचे, म्हणजे रात्री १० ला कळलं तर कदाचित त्यातले १२ आधीच गेलेत. ओकायला लागला, खाणं सोडलं, कोपऱ्यात पडून राहिला, अंग गार लागतंय, तर उशीर झालाय समजा आणि "सकाळी क्लिनिक उघडलं की नेऊ" हा विचार सोडून द्या.

जायच्या आधी फोन करा आणि फोनवर "मांजर बरं नाहीये" असं गुळमुळीत बोलू नका. सरळ सांगा: बोका आहे, इतक्या तासांपासून शू नाही, ब्लॉक झाल्यासारखा वाटतोय. आणि दोन प्रश्न विचारा, कॅथेटर (शू बाहेर काढायची बारीक नळी) टाकायची सोय आहे का आणि रात्री ठेवून घेता का. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तिथे जाऊन परत दुसरीकडे पळण्यात तास जातो. आम्ही आधी जिथे गेलो तिथे नेमकं हेच झालं, त्यांनी पोट दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले उद्या सोनोग्राफीला या. नवऱ्याने तिथून निघता निघता रिक्षातच दुसरीकडे फोन लावला म्हणून बरं. पहाटे दीडला कॅथेटर पडली.

मुंबईत आपल्याकडे परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे (खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा), महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं नवीन हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, आणि उपनगरांत चोवीस तास चालणारी खाजगी क्लिनिकं आहेत. कुठे रात्री डॉक्टर असतात, कुठे नुसता वॉचमन असतो, हे आज शांतपणे फोन करून विचारून ठेवा आणि दोन नंबर फ्रिजवर चिकटवा. विक्रोळीहून परळ दुपारी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून एक नंबर जवळचा हवाच. कॅरियर नसेल तर झाकणाची कपड्यांची बास्केट चालते, वरून ओढणी घट्ट बांधा, खाली जुना टॉवेल.

तोपर्यंत घरी काय करायचं नाही ते ऐका. पोट दाबून शू काढायचा प्रयत्न करू नका, टम्म भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. सिरिंजने पाणी पाजू नका, बाहेर जायला वाटच नाहीये तर आत ओतून काय करणार. आणि माणसांची पेनकिलर अजिबात नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही, एका गोळीनेसुद्धा मांजर मरू शकतं, अर्धी असली तरी देऊ नका. आयब्युप्रोफेनचंही तेच. मूतखड्यावरची आयुर्वेदिक गोळी, बार्लीचं पाणी, हे सगळं नंतर डॉक्टरांना विचारून, त्या रात्री नाही.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासतात (क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मुख्य), सलाईन लावतात, भूल किंवा झोपेचं औषध देऊन कॅथेटर घालून वाट मोकळी करतात आणि ती बहुतेक वेळा एक-दोन दिवस आतच ठेवतात. वाट मोकळी झाल्यावर शरीर साठलेलं सगळं धडाधड बाहेर टाकतं, इतकं की सलाईन कमी पडलं तर उलट पाणी कमी होतं. म्हणून "आता शू झाली ना, मग घरी नेऊ" असा हट्ट धरू नका, मी धरला होता, डॉक्टरबाईंनी मला छान झापलं. घरी आणल्यावर पहिला आठवडा परत तुंबायची भीती सगळ्यात जास्त. त्या आठवड्यात आम्ही वहीत लिहायचो, सकाळी ६ एक गोळा लिंबाएवढा, दुपारी २ एक. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर एक ऑपरेशन असतं, टोकाचा अरुंद भाग काढून वाट रुंद करतात. ते शेवटचा उपाय म्हणून. तुंबणं थांबतं पण सुजेचा मूळ आजार त्याने जात नाही, आणि पुढे इन्फेक्शनची शक्यता थोडी वाढते.

शू होतेय, पण त्रासाने

आता ज्यांचं मांजर थेंब थेंब करतंय, गुलाबी शू होतेय, बाथरूमच्या जाळीवर नाहीतर तुमच्या पांघरुणावर करतंय, ओरडतंय, त्यांच्यासाठी. हे तासांचं नाही पण दिवसांचं आहे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा, आणि बोका असेल तर तोवर ट्रेमधल्या गोळ्यांवर डोळा ठेवा कारण आज थेंब आहेत ते उद्या बंद होऊ शकतात. पांघरुणावर केलं म्हणून त्याला मारू नका हो. तो सूड घेत नाहीये, ट्रेमध्ये बसलं की दुखतं एवढं त्याला कळलंय, म्हणून तो दुसरी जागा शोधतोय. (उभं राहून शेपटी वर करून थरथरवत भिंतीवर पिचकारी मारणं हे वेगळं, ती हद्द आखणं, जास्त करून नसबंदी न झालेल्या बोक्यांचा धंदा.)

इथे सगळ्यांचा पहिला प्रश्न, इन्फेक्शन झालंय ना, अँटिबायोटिक द्या. नाही. १० वर्षांखालच्या मांजरात जंतूंचं इन्फेक्शन हे फार क्वचित कारण असतं. अर्ध्याहून जास्त मांजरांत तपासण्या करूनही ना जंतू सापडत ना खडा, मूत्राशयाला सूज मात्र असते. त्याला डॉक्टर इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, इडिओपॅथिक म्हणजे कारण न सापडलेलं. आणि गंमत अशी की या सुजेचा ॲटॅक बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो, काही दिलं नाही तरी, त्यामुळे ५ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स केला की तो "लागू पडला" असं वाटतं. सहा महिन्यांनी परत होतं, परत कोर्स. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांजरीचे असे चार कोर्स झाले. अँटिबायोटिक हवंच असेल तर आधी युरिन कल्चर (शूत खरंच जंतू आहेत का ते वाढवून बघायची तपासणी) करायला सांगा, आणि कल्चरसाठी डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून शू काढतात, ऐकायला भयंकर वाटतं पण रक्त काढण्याइतकंच आहे.

साध्या युरिन टेस्टसाठी घरून नमुना नेणार असाल तर ट्रे धुऊन रिकामा ठेवा, शू झाली की सिरिंजने उचला आणि लगेच पोचवा. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नेला तर त्यात नसलेले स्फटिक तयार होतात आणि रिपोर्टात "क्रिस्टल्स" बघून तुम्ही घाबरता. थोडे स्फटिक तर ठणठणीत मांजरातही दिसतात. स्फटिक म्हणजे खडा नव्हे, खडा बघायला एक्स-रे आणि सोनोग्राफी लागते.

खडे मुख्य दोन प्रकारचे. स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे, हे स्पेशल खाण्याने काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, काढावेच लागतात. म्हणून मैत्रिणीच्या मांजराला चाललं ते युरिनरी फूड स्वतःहून आणून सुरू करू नका, आणि शू आम्लधर्मी करणाऱ्या पावडरी तर नकोच, एका खड्याला आवरायला जाऊन दुसऱ्याला आमंत्रण. डॉक्टरांनी युरिनरी डाएट दिलं तर मग मात्र तेच आणि तेवढंच, वरून सुकट नाही, "एवढासा" बोंबील नाही. यात घरातले आजी-आजोबा सगळ्यात मोठे गुन्हेगार.

पाणी, पाणी, पाणी

मांजराचे पूर्वज आफ्रिकेतले, कोरड्या रानातले. शिकारीतूनच पाणी मिळवायचं आणि शू अगदी घट्ट करून वाचवायचं अशी त्यांची बनावट आहे, तहान त्यांना फारशी लागतच नाही. त्या प्राण्याला आपण १० टक्के सुद्धा पाणी नसलेलं कोरडं किबल (पाकिटातले दाणे) घालतो आणि अपेक्षा करतो की तो वाटीतलं पाणी पिऊन भरपाई करेल. करत नाही. ४ किलोच्या मांजराला सगळं मिळून दिवसाला साधारण २०० मिली पाणी पोटात जायला हवं. पाऊचच्या ओल्या खाण्यात पाऊण भाग किंवा जास्तच पाणी असतं, म्हणून सगळ्यात मोठा फरक पडतो तो किबलकडून ओल्याकडे गेलं की. पाऊच महाग पडतात हे मान्य, आम्हीही एक वेळ पाऊच आणि एक वेळ पाण्यात भिजवलेलं किबल असं करतो. खाणं बदलायला ७ ते १० दिवस घ्या, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत. आणि "उपाशी राहिला की खाईल" हा नियम मांजराला लावू नका, जाड्या मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरला चरबी धरते आणि तो नवाच जीवघेणा आजार.

आमचा मासळीवाल्या घरांसाठीचा जुगाड सांगते. कोळणीकडून मासे आणले की डोकी आणि काटे नुसत्या पाण्यात उकळायचे, मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण-कांदा तर बिलकुल नाही (कांदा-लसूण मांजराला विषारी आहे), गाळून काटे फेकायचे आणि ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये जमवायचं. रोज एक क्यूब त्याच्या खाण्यात किंवा अर्धी वाटी कोमट पाण्यात. बंड्या आधी साधं पाणी हुंगून निघून जायचा, हे मात्र लपालप पितो. चिकनचं पाणीही चालतं. सुकी मासळी, जवळा, सोडे, सुकट मात्र लांब ठेवा, त्यात मीठ असतं. दूध म्हणजे पाणी नव्हे, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही, जुलाब झाले की उलट पाणी कमी.

भांडी पसरट घ्या आणि काठोकाठ भरा, दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्याच्या वाटीला आणि ट्रेला चिकटून नको. काहींना वाहतं पाणी आवडतं, त्यांना फाउंटन. खूप जण विचारतात मिनरल वॉटर द्यायचं का. तानसा-वैतरणा-भातसाचं जे पाणी आपल्या नळाला येतं तेच आपण पितो तसं द्या, क्षारांची चिंता करण्यापेक्षा किती पोटात जातंय ते बघा.

ट्रे, आणि डोक्याला ताप

इथे माझं मत जरा टोकाचं आहे, मला वाटतं मुंबईच्या घरात मांजराची शू बिघडते ती जागेमुळे. म्हणजे चौरस फुटांमुळे नाही, आपल्याच घरात लपायला कोपरा नाही म्हणून. त्या कारण न सापडणाऱ्या सुजेचा ताणाशी जवळचा संबंध आहे, आणि मांजराचा ताण म्हणजे काय तर घर बदलणं, रंगकाम, नवीन बाळ, दुसरं मांजर, खिडकीबाहेर रोज येऊन गुरगुरणारा बिल्डिंगचा बोका, गणपतीत दहा दिवस भरलेलं घर, दिवाळीचे फटाके. बंड्याच्या बाबतीत आम्ही एका दिवसात त्याची खिडकी, त्याचं कपाट, त्याचे वास सगळं काढून घेतलं आणि ट्रे ठेवला वॉशिंग मशीनच्या शेजारी, जे स्पिनला लागलं की विमान उडाल्यासारखं हलतं. आता लिहिताना सुद्धा लाज वाटते.

नियम म्हणून सांगतात की मांजरं जेवढी त्याहून एक ट्रे जास्त. वन आरकेत तीन मांजरं आणि चार ट्रे कसे मावणार हे मलाही कळत नाही, पण दोन मांजरं असतील तर निदान दोन ट्रे, आणि ते शेजारी शेजारी नाही, कारण ओळीत ठेवलेले ट्रे त्यांच्या लेखी एकच जागा, आणि दादागिरी करणारं मांजर तिथे वाट अडवून बसतं. ट्रे मोठा घ्या, मांजराच्या लांबीच्या दीडपट, दुकानातला छोटा नको, बाजारात मिळणारं मोठं प्लॅस्टिकचं टब स्वस्त आणि मस्त. वासाचं लिटर तुमच्यासाठी असतं, मांजराला बिनवासाचं आवडतं. दिवसातून दोनदा गोळे काढा, पावसाळ्यात लिटर दमट होऊन वास मारतं तेव्हा पूर्ण बदलायचं लवकर लवकर.

उंचावर एक जागा द्या, कपाटावर जुनी उशी टाकली तरी झालं. खाण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. रोज दोनदा १० मिनिटं दोरी-काठीने खेळवा, जाडी पण उतरते, आणि जाडी, आळस आणि दिवसभर घरात बसणं हे तिन्ही या आजाराचे सोबती. गणपतीत आणि दिवाळीत एक खोली किंवा निदान बाथरूम त्याच्या नावावर करा, ट्रे, पाणी, अंधार, त्याचाच न धुतलेला टॉवेल, आणि पाहुण्यांच्या पोरांना तिकडे बंदी. घर शिफ्ट करताना सामान लावून झाल्यावर मांजर आणा, त्याच्या जुन्या चादरी धुवू नका, आणि पहिले चार दिवस एकाच खोलीत ठेवा. पुढच्या वर्षी आमचा ताबा मिळणार आहे म्हणे, तेव्हा आम्ही हेच करणार.

म्हातारी मांजरं

१० च्या पुढे हिशोब उलटा होतो. इथे जंतूंचं इन्फेक्शन खरंच होतं, कारण किडनी थकलेली असते किंवा डायबिटीस असतो, शू पातळ होते आणि जंतूंना फावतं. मोठे मोठे गोळे, खूप पाणी, वजन उतरणं हे दिसलं तर रक्त, युरिन आणि कल्चर तिन्ही करा. ट्रेचा एक काठ कापून ठेंगणा करा, सांधे दुखणाऱ्या मांजराला उंच काठ चढवत नाही आणि आपण त्याला शूचा आजार समजतो.

आणि बिल्डिंगखालच्या बोक्यांचं. त्यांचे गोळे मोजता येत नाहीत, म्हणून खाऊ घालताना एक नजर मागच्या बाजूला ठेवा. एखादा गाडीखाली पुन्हा पुन्हा बसून जोर करतोय, खायला आला नाही, हाक मारली तर नुसता बघतोय, तर फीडर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, टॉवेल टाकून पकडा, हातमोजे घाला कारण दुखणारं मांजर चावतं, क्रेटमध्ये घाला आणि खाली पांढरा कागद नाहीतर वर्तमानपत्र अंथरा. हॉस्पिटलला पोचेपर्यंत कागद ओला झाला का, कुठे गुलाबी डाग आहे का, ते डॉक्टरांना आधी दाखवा.